आधी दम खा, मग तपासतो

माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. १९ पायऱ्या. तीन वर्षांपूर्वी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची बाई भाच्याला घेऊन आली, ती नवव्या पायरीवरच बसली. भाचा वर येऊन नंबर लावून गेला. मग ती थांबत थांबत वर आली, बाकावर टेकली, आणि पाऊण तासानं तिचा नंबर लागला. तोवर तिचा श्वास बसला होता. ‘चढण आली की छाती भरून येते, बसलं की काहीच नाही,’ तिची पावरी भाच्यानं मला मराठीत सांगितली. मी नाडी पाहिली, छाती ऐकली, ईसीजी काढला, झोपवून इको केला. कागदावर लिहिलं : हृदय नॉर्मल, इजेक्शन फ्रॅक्शन ६२ टक्के. रक्त कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. ते कशामुळे कमी आहे, हे विचारलं नाही.

या पावसाळ्यात ती परत आली. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत झोळीत, तिथून पुढं गाडीत. ओठ काळेनिळे, तोंडाला फेस, फुप्फुसांत पाणी. वाटेत कुणीतरी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाइनच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. सिकलसेलची तपासणी तिच्या आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री झाली. ती ‘एसएस’ निघाली, म्हणजे वाहक नव्हे, रुग्ण. वय ३४. ती वाचली. तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माझा तीन वर्षांपूर्वीचा कागद घडी घालून जपलेला होता. घरात तो तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जात होता. डॉक्टरनं नॉर्मल लिहून दिलंय, मग मोळी उचलायला काय होतं?

म्हणून हे लिहितो आहे. माझ्या व्यवसायबंधूंना उद्देशून लिहितो आहे, आणि त्यात स्वतःला वगळत नाही. जे दुखणं चढावर होतं ते पलंगावर शोधायचं, सापडलं नाही की ‘नाहीच’ असं लिहून मोकळं व्हायचं, याला तपासणी म्हणत नाहीत. ही खोटी साक्ष आहे. नंदुरबार जिल्ह्यात अशी साक्ष आम्ही रोज देतो, सहीशिक्क्यानिशी देतो, आणि तिची शिक्षा पेशंट भोगतो.

हृदयाला कामं दोन. आकसून रक्त पुढं ढकलायचं, आणि सैल होऊन रक्त आत घ्यायचं. इजेक्शन फ्रॅक्शन हा आकडा फक्त पहिल्या कामाचा. दुसऱ्या कामाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. हृदयाची भिंत ताठर झाली असेल, तर ते जोरात आकसतं, आकडा ६० येतो, ६५ येतो, पण सैल होताना अडतं. बसल्या जागी हे खपून जातं, कारण वेळ असतो. नाडी ७० असताना एका ठोक्याला ०.८६ सेकंद मिळतो. नाडी १४० झाली की ०.४३. आणि ही कपात मुख्यतः भरण्याच्या वेळेतून होते, ढकलण्याच्या वेळेतून फार कमी. त्याच वेळी पायांच्या स्नायूंकडून परतणारं रक्त दुप्पट-तिप्पट वाढलेलं असतं. ताठर हृदय ते पुरेसं आत घेऊ शकत नाही. मग डाव्या कर्णिकेत दाब चढतो, तिथून फुप्फुसांच्या शिरांत, तिथून फुप्फुसांत. यालाच धाप म्हणतात.

या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. धरणाची भिंत तिकडे केवडियाला उभी राहिली आणि बुडितात आली ती आमच्या अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं. फुगवटा भिंतीपाशी उभं राहून दिसत नाही. तो पाहायला वर मणिबेलीला जावं लागतं, आणि पाणी चढलेलं असताना जावं लागतं. उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर जाऊन ‘गाव कोरडं आहे’ असा पंचनामा कुणी केला असता, तर इथल्या माणसांनी त्याला पाड्यात पाऊल ठेवू दिलं नसतं. आम्ही डॉक्टर नेमका तोच पंचनामा छातीचा करतो.

हे काही माझं खासगी मत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बॅरी बॉरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. श्रमानंतर धाप लागणारी ५५ माणसं. सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं, रक्तातली हृदयविकाराची खूण नॉर्मल, आणि हृदयात नळी घालून मोजलेला दाबसुद्धा विश्रांतीत नॉर्मल. आमच्याकडे ही माणसं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवली गेली असती. त्यांनी नळी तशीच ठेवून माणसांना झोपल्या झोपल्या सायकल मारायला लावली. ५५ पैकी ३२ जणांच्या फुप्फुसांच्या बाजूचा दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याच्याही वर गेला. ही हृदयविफलताच होती, विश्रांतीत दडून बसलेली. आणि पाय थांबले की हा दाब मिनिट-दोन मिनिटांत उतरायला लागतो. आता आमच्या ओपीडीतलं रोजचं वाक्य आठवा : ‘आधी दम खा, मग तपासतो.’ माणुसकीनं म्हटलेलं वाक्य आहे. पण पेशंट दम खातो तेवढ्यात आजार लपतो, आणि मग आम्ही स्टेथोस्कोप लावतो.

पुढचा दोष पुस्तकांचा आहे, आणि पुस्तकांवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या आम्हा लोकांचा आहे. ही ‘आकुंचन चांगलं, तरी हृदय निकामी’ अशी अवस्था ओळखायला २०१८ साली एक गुणतक्ता निघाला. लठ्ठपणा असेल तर २ गुण. हृदयाची लय बिघडून कर्णिका थरथरत असेल तर ३. रक्तदाबाच्या दोन किंवा जास्त गोळ्या चालू असतील तर १. वय ६० च्या पुढं असेल तर १. उरलेले दोन गुण इकोवरून. ज्या माणसांवरून तो बेतला त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवरचा, साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, ‘माले दम लागस’ म्हणत येणारा दुकानदार किंवा बागायतदार त्यात बरोबर सापडतो. पण ३४ वर्षांची, हाडं वर आलेली, रक्तदाब १०० च्या आसपास असलेली अक्राणीची बाई त्या तक्त्यात बसवली तर गुण शून्याच्या आसपास येतात. शून्याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. अर्थ एवढाच, की हा तक्ता करताना ती कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

मग आमच्या डोळ्यांसमोर कोण असायला हवं?

पहिला सिकलसेल. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या आजाराची पहिली नोंद छापली. रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा तरुण विद्यार्थी. त्याच्या तक्रारींत धडधड होती, धाप होती, आणि त्या धापेचा दोष तो स्वतःच जास्त सिगारेट ओढण्याला देत होता. म्हणजे जगातल्या पहिल्या नोंदलेल्या सिकलसेल रुग्णाच्या धापेचंही भलतंच कारण लावलं गेलं होतं. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आज भिल्ल, पावरा, मावची, गावित, कोकणी अशा समाजांच्या या जिल्ह्यात तो घराघरांतला शब्द आहे. पण आम्ही त्याला फक्त ‘दुखणं’ म्हणून ओळखतो. हात-पाय ठणकले, पोरगं रडलं, की सिकलसेल. हृदयाचं काय? रक्त कायम कमी, म्हणून हृदय वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त फिरवतं, मोठं होतं, आणि हळूहळू ताठर होतं. फुटलेल्या लाल पेशी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळायला लावतात. २००४ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात १९५ प्रौढ सिकलसेल रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांच्या फुप्फुसांच्या बाजूचा दाब इकोवर वाढलेला निघाला, आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांहून कितीतरी जास्त होतं. व्यायाम करताना हा दाब आणखी चढतो, हेही दाखवलं गेलं आहे. एवढं होऊनही इजेक्शन फ्रॅक्शन नॉर्मलच असतं.

‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य मी परिषदांत ऐकत आलो आहे. आपल्या लोकांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, त्यामुळे काहींना त्रास कमी होतो, इथपर्यंत ते खरं. पण सौम्य कुणासाठी? खुर्चीवर बसून काम करणाऱ्यासाठी. जी बाई डोक्यावर सरपण घेऊन घाट चढते, जी ऊसतोडीला गुजरातेत जाऊन मोळी डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकवर चढवते, तिच्या हृदयाची परीक्षा रोज होते. सौम्य हा शब्द तिला विचारून ठरलेला नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट. तपासणी हवीच, माझ्या पेशंटला ती ३४ वर्षं मिळाली नाही. पण कार्ड हातात दिल्यानं काम संपत नाही, सुरू होतं. ज्याच्या कार्डावर ‘एसएस’ आहे, त्याला वर्षातून एकदा तरी सहा मिनिटं चालवून पाहिलं जातं का? किती मीटर चालला, कुठं थांबला, ऑक्सिजन किती उतरला, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलं जातं का? मला असं रजिस्टर कुणी दाखवलेलं नाही. मोजलेल्या माणसांचा आकडा वर पाठवला जातो. मोजल्यावर त्यांचं काय झालं हा आकडा कुणी मागत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही.

दुसरं नाव मायट्रल झडपेचं. लहानपणी घसा बिघडतो, दाटीवाटीनं राहणाऱ्या पोरांत तो पसरतो, काहींना त्यातून ऱ्हुमॅटिक ताप येतो, सांधे सुजतात, बरे होतात, आणि झडप मात्र हळूहळू चिकटत जाते. झडप अरुंद असली की वाहणारं रक्त दुप्पट झाल्यावर दाबातला फरक चौपट होतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्याला अपवाद नाही. म्हणून जी मुलगी बसून ठणठणीत दिसते ती चढावर गुदमरते, आणि गरोदरपणात, जेव्हा रक्त आणि नाडी दोन्ही वाढतात, तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यात तिची फुप्फुसं भरतात. ‘पोटात बाळ आहे, धाप लागणारच’ असं तिला सांगितलं जातं. बेंझाथिन पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी दिलं तर नव्यानं येणारा ताप आणि पुढची हानी टाळता येते. १९८४ पासून जगाकडे इनोउए यांचा फुगा आहे, ज्यानं छाती न उघडता योग्य अशी झडप मोकळी होते. उपचार आहेत. फक्त त्या मुलीला कुणीतरी चालवून पाहायला हवं.

आणि हे आमच्या जुन्या गुरूंना ठाऊक होतं! वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला शिकवलं होतं : मायट्रलची शंका आली की पेशंटला थोडा व्यायाम करायला लावा, लगेच डाव्या कुशीवर वळवा, आणि मग स्टेथोस्कोप टेकवा. विश्रांतीत न ऐकू येणारी घरघर तेव्हा ऐकू येते. इको आला, आणि आम्ही व्यायामही सोडला, कूसही सोडली. मशीन आलं म्हणून शहाणपण टाकून द्यायचं, हा आमच्या पिढीचा गुन्हा आहे.

आता सलाइनबद्दल, कारण तिथं माझा राग आवरत नाही. ज्याच्या हृदयाला रक्त आत घेताच येत नाही, त्याच्या शिरेत आणखी पाणी ओतायचं म्हणजे फुप्फुसांत ओतायचं. मोठ्या शहरांत कॅथलॅबमध्ये हा छुपा आजार उघड करायचा एक मार्ग असा आहे : जवळपास अर्धा लिटर सलाइन पाच-दहा मिनिटांत सोडतात आणि दाब चढतो का ते पाहतात. तिथं ती आजार उघडा पाडणारी चाचणी असते, नळी आत असते, तज्ज्ञ शेजारी उभा असतो. इथं तेच पाणी गावोगाव ‘ताकदीची बाटली’ म्हणून विकलं जातं. धाप लागली, बाटली. चक्कर आली, बाटली. बाटली लावली नाही तर डॉक्टरला काही येत नाही. हा समज लोकांनी मनानं तयार केलेला नाही, आम्ही तो पैसे घेऊन रुजवला. रक्त फार कमी असलेल्याला भरभर रक्त चढवणं हेही त्याच जातीचं पाप आहे. ते थेंबाथेंबानं, लघवीचं औषध सोबत देऊन चढवावं लागतं.

आणि शिबिरं. मंडप, फीत, बाकावर झोपवून काढलेले ईसीजी, संध्याकाळी फोटो. ‘इतक्या जणांची हृदयतपासणी.’ ईसीजीची पट्टी या आजाराबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. ज्या आजोबांना तिथं ‘काळजी नको’ सांगितलं जातं, ते त्या पट्टीच्या भरवशावर पुढची दोन वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अशा शिबिरानं नुकसान होतं, हे मी जबाबदारीनं लिहितो.

या सगळ्याचा भार शेवटी पेशंटच्या अब्रूवर पडतो. ताप दिसतो, जखम दिसते, काविळीत डोळे पिवळे होतात. ही धाप थांबलं की नाहीशी होते. त्यामुळे मुकादम म्हणतो अंगचोर आहे, उचल घेऊन बसलाय. सासू म्हणते ढोंगी आहे. मिरचीच्या पथारीवर शेजारची बाई पुढं निघून जाते आणि हिची मजुरी कापली जाते. हळूहळू माणूस स्वतःच स्वतःला आळशी समजायला लागतो. त्यात डॉक्टरचा ‘नॉर्मल’ शब्द आला की त्याचा शेवटचा साक्षीदारही फितूर होतो.

मला उत्तर काय मिळणार हे ठाऊक आहे. ‘सर, व्यायाम करताना नळी घालून दाब मोजायचा म्हणता, या जिल्ह्यात?’ नाही, ते मी म्हणत नाही. ती अंतिम तपासणी आहे आणि ती मोजक्यांनाच लागते. मी जे मागतो त्याला पैसे लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राला व्हरांडा असतो. त्यावर ३० मीटरवर दोन खुणा करा. बसल्या जागी दम लागत नाही, छातीत दुखत नाही, अशा प्रत्येक धाप-पेशंटला सहा मिनिटं त्याच्या चालीनं चालवा, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून. थांबल्या थांबल्या, दम खायच्या आत, श्वास मोजा, छाती ऐका, कूस वळवून ऐका. बसल्या जागीच जो धापा टाकतो त्याला चालवू नका, भरती करा. प्रत्येक धापेला हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करा. इकोवाल्यांनी इजेक्शन फ्रॅक्शन लिहून हात झटकू नयेत. डावी कर्णिका मोठी आहे का, मायट्रल झडप किती उघडते, ट्रायकस्पिड झडपेतून मागं येणाऱ्या धारेचा वेग किती, हे लिहा. शंका असेल तर पाय वर उचलून, किंवा पायऱ्या चढवून आणून, पुन्हा बघा. मी आता बघतो. प्रत्येकी दहा मिनिटं जास्त जातात.

आणि विचारा. ‘धाप लागते का?’ या प्रश्नाला इथं कुणी नीट उत्तर देत नाही, कारण चढावर धाप सगळ्यांनाच लागते. असं विचारा : गेल्या धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेला गेला होतास का? यंदा शिखरापर्यंत पोचलास की मध्येच थांबलास? काठीच्या होळीला पहाटेपर्यंत नाचायचास, यंदा केव्हा बसलास? पाण्याची घागर घेऊन येताना पूर्वी कुठल्या झाडापाशी टेकायचीस, आता कुठल्या? सातपुड्यातल्या माणसाला आपलं अंतर वितीवितीनं माहीत असतं.

निदान झालं तर हातात काही आहे का? आहे. फुप्फुसांतलं पाणी उतरवणाऱ्या स्वस्त गोळ्या आहेत. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधांनी या प्रकारच्या हृदयविफलतेत दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी होतं, हे २०२१ आणि २०२२ च्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, ती आता अनेक कंपन्यांची, परवडणारी गोळी आहे. पण त्या चाचण्या सिकलसेलच्या किंवा अरुंद झडपेच्या रुग्णांवर बेतलेल्या नव्हत्या. म्हणून सगळ्यांना एकच गोळी वाटत सुटणं हा नवा आळस ठरेल. सिकलसेलला हायड्रॉक्सीयुरिया आणि नियमित पाठपुरावा लागतो, झडपेला फुगा किंवा शस्त्रक्रिया, रक्तदाबाला रक्तदाबाचं औषध. कारण शोधल्याशिवाय सुटका नाही.

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं शिकणाऱ्या मुलामुलींना माझं हात जोडून सांगणं आहे : तुम्ही अशा जिल्ह्यात वैद्यक शिकता आहात, जिथं माणूस दिवसभर चढतो आणि उतरतो. इथलं हृदय झोपवून शिकू नका.

माझ्यापुरतं मी एक ठरवलं आहे. ज्याला मी चालवून पाहिलेलं नाही, त्याच्या कागदावर मी ‘नॉर्मल’ लिहीत नाही. मी मराठीत लिहितो : ‘झोपवून तपासलं. चालवून पाहिलेलं नाही.’ त्यानं पेशंट चिडतात, नातेवाईक विचारतात, मग नक्की आहे काय. मला उत्तर द्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्यांना घेऊन जिन्यापर्यंत जावं लागतं. त्या बाईचा जुना कागद मी मागून घेतला आणि नवा लिहून दिला. भाच्यानं तो तिला पावरीत वाचून दाखवला. तिनं एकच विचारलं, हे घरी दाखवलं तर चालेल ना? मी म्हणालो, दाखवायलाच दिलंय, ताई.